शिवार आधी, ब्राझील नंतर

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात २०१८पासून भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. बार्शी तालुक्यातल्या वैरागचा विद्यार्थी त्यामुळे नकाशाच्या आराखड्यात ॲमेझॉनचं खोरं बिनचूक रंगवतो. पण त्याच तालुक्यातून वाहत सीनेला मिळणारी भोगावती कोणत्या शिवारांचं पाणी गोळा करते, हे त्याला कोणी विचारत नाही. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हानिहाय निघतं, म्हणजे जवळून सुरुवात करायचं तत्त्व आपल्याला मान्य आहे. वरच्या इयत्तांत ते विरत जातं. डिजिटल नकाशे हा तुटलेला धागा सांधू शकतात, पण मुलांनी नकाशा नुसता न पाहता स्वतः केला तरच. गूगल अर्थ २००५ साली आलं, इस्रोचं भुवन २००९ साली. पडद्यावर पृथ्वी फिरवून दाखवण्याचं नवल चार दिवसांत ओसरतं. शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. त्या कामाने जग पुस्तकात आणलं. आता गाव नकाशावर नेण्याचं काम मुलांच्या हाती द्यायला हवं.

त्यातून काय शिकता येतं, हे एकाच उदाहरणाने पाहू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, हे शेतकऱ्याच्या पोराला घरीच कळलेलं असतं. अमेरिकेच्या अवकाशयानाने २००० साली रडारने पृथ्वीची उंची मोजली. ती माहिती आज फुकट मिळते आणि तिची एक चौकट साधारण ३० मीटर बाजूची, म्हणजे जवळपास ९ गुंठ्यांची असते. त्या ९ गुंठ्यांना मिळून उंची एकच! क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत ही माहिती घालून उताराचं प्रारूप केलं, की मोठे ओढे दिसतात. बांध, चारी, रस्त्याखालची मोरी मात्र गायब होतात. मग मुलांनी पावसाळ्यात शिवारात जाऊन पाणी खरंच कुठून वळतं ते पाहायचं आणि प्रारूप चुकलं तिथे खूण करायची. गणित, भूगोल आणि विज्ञान इथे एकाच कामात येतात. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातल्या गावांना वेढलं. पाणी दोन मीटर चढलं तर कोणती वस्ती बुडेल, हे सांगायला अशी माहिती अपुरी आहे, कारण तिच्यातली चूकच कित्येक मीटरची असू शकते. यंत्राने काढलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

इंटरनेट नसतं, ही तक्रार खरी आहे; पण क्यूजीआयएस आणि माहिती एकदा उतरवून घेतली की पुढचं काम इंटरनेटशिवाय चालतं. प्रणाली शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ आहेत. ‘परीक्षेत याला गुण किती?’ हा आक्षेप अधिक वजनदार. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, त्यात हे वरून लादलं तर कागदोपत्रीच होईल. म्हणून नवा विषय नको; भूगोलाच्या क्षेत्रभेटीत आणि गणिताच्या मोजमापात हे बसवावं. गावातून येणारी शंका वेगळीच असेल: पोरांनी बांध आखले तर भावकीत वाद पेटतील. ती रास्त आहे. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याची. मुलांनी विहिरी, ओढे, झाडं, रस्ते टिपावेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. नववीचा वर्ग मालकांना विचारून गावातल्या दहा विहिरींची पातळी दोरी सोडून मोजू शकतो, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, आणि पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच नकाशावर आपले आकडे चढवू शकतो.