बी नसलेल्या वेलीचा वंश
(रोपवाटिकेची वही : भाग ९)

या आठवड्यात डाळिंबाच्या गुटी कलमाकडे यायचं ठरलं होतं. पण मागचा भाग वाचून पंढरपूरकडच्या, कृषी पदविका करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय : डाळिंबाला निदान बी तरी आहे, म्हणून राहुरीला गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून भगवा निघाला. थॉमसन द्राक्षाला बीच नाही, मग त्यात नवा वाण येतो कुठून? या प्रश्नासाठी गुटी आठवडाभर थांबेल.

थॉमसनमध्ये बी धरायला सुरुवात होते, पण गर्भ कोवळा असतानाच खुरटतो. परागकण कामाचे असतात, त्यामुळे संकरात बाप म्हणून ही वेल चालते. आई म्हणून वापरायची, तर तो कोवळा गर्भ वेळेत काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. शेतकऱ्याच्या हाती ते नाही. त्याच्या हाती आहे काडी.

काडीवरचा डोळा म्हणजे मूळ वेलीची प्रत, असं आपण पहिल्या भागापासून म्हणत आलो. पण पेशी विभागताना क्वचित एखाद्या डोळ्यात बदल होतो आणि त्यातून फुटलेली फांदी वेगळी निघते. मणी लांबट होतो, रंग बदलतो, घड सुटा येतो. बाकी सगळी वेल जुनीच.

असा बदल ओळखणारी नजर आपल्याच जिल्ह्यात होती. बार्शी रस्त्यावरचं नान्नज बाहेरच्यांना माळढोकामुळे माहीत, द्राक्षवाल्यांना मात्र नानासाहेब काळे यांच्यामुळे. थॉमसनच्या बागेत त्यांना वेगळी, लांब मण्यांची वेल दिसली आणि तिच्यातून ‘सोनाका’ उभा राहिला. सोलापूर, नान्नज, काळे या तिन्हींची पहिली अक्षरं त्या नावात आहेत. काळ्या किसमिस चोर्नीमधून त्यांनीच ‘शरद सीडलेस’ निवडला. बी पेरलं नाही, परागीकरण केलं नाही. वेगळं दिसलं, ते राखलं आणि वाढवलं. वाणसंशोधनाचा अर्धा भाग हा पाहण्याचा आहे, असं मी इतकी वर्षं मनापासून मानत आलोय, ते या वेलींमुळे.

पण दिसलं की लगेच काड्या वाटायच्या नसतात. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या बागेत एका ओलांड्यावरचे घड शेजारच्या ओलांड्यापेक्षा ठसठशीत आले. मी लाल चिंधी बांधली, काड्या राखल्या, चार जणांना दाखवलं. खरड छाटणीच्या वेळी ओलांडा हातात धरला, तेव्हा मांडवाची तार सालीत रुतलेली दिसली. आपण मुद्दाम गर्डलिंग करतो, तेच त्या तारेनं केलं होतं : पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरेना, ते मण्यांत साठलं. तार सोडवली, साल भरून आली आणि पुढच्या हंगामात तो ओलांडा चारचौघांसारखा झाला. तेव्हापासून वेगळा घड दिसला की मी आधी ओलांडा हातानं चाचपतो, मग मण्यांकडे पाहतो.

तार, पाणी, खत, संजीवकं यांपैकी काहीच कारण नसेल, तर त्या फांदीला खूण करून निदान दोन-तीन हंगाम नोंद ठेवा. तरीही वेगळेपण टिकलं, तर ऑगस्ट-सप्टेंबरात तिथली पक्व काडी घ्या. दोन डोळ्यांचा तुकडा, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासलेली पाचर, आणि तेवढीच खाच डॉगरिजच्या खुंटात. साल सालीला किमान एका बाजूनं तरी भिडलीच पाहिजे, मग पट्टी घट्ट गुंडाळा. शेजारच्याच ओळीत मूळ वाणाचीही तितकीच कलमं बांधा. खुंट तोच, पाणी तेच, छाटणी एकाच दिवशी. मगच तुलना खरी.

एवढं करूनही काही कलमं जुन्या रूपावर परततात. बदल कधी कधी पेशींच्या एकाच थरात झालेला असतो, आतला थर जुनाच राहतो. म्हणून कलमाचं पुन्हा कलम करायचं आणि प्रत्येक वेळी परतलेली झाडं काढून टाकायची. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. द्राक्षासारख्या वेलींना ते संरक्षण १८ वर्षांपर्यंत मिळतं. तिथंही विचारतात तेच : वाण वेगळा आहे का, एकसारखा आहे का, पिढ्यान् पिढ्या टिकतो का?

तेव्हा त्या मुलीला माझं उत्तर असं : बी नसलेल्या वेलीचा वंश डोळ्यातून चालतो, काडीवरच्या आणि माणसाच्याही. काढणीपूर्वी बाग एकदा रिकाम्या हातानं फिरून या. कात्री घरी ठेवा, चिंधी खिशात असू द्या.

गुटी पुढच्या आठवड्यात. शेवाळ आणि सुतळी आणून ठेवा.