फुगा फुटण्याआधी...

मेकॅनिकलला असल्याचा एक तोटा असतो. घरी मिक्सर बिघडला तरी फोन आपल्यालाच येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी बाबांचा असाच फोन आला. "अरे, आपल्या गाडीच्या एअरबॅगचा काहीतरी रिकॉल आहे म्हणे. गाडी तर मस्त चालतेय. जायचं का उगाच शोरूमला?"

गाडी २००८ सालची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं पत्र आलं असेल तर पहिल्या मालकाकडे. आम्हाला कळलं ते शेजारच्या काकांकडून. मी आरसी बुकावरून चेसिस नंबर मागवला आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. उत्तर आलं : पुढची डावी एअरबॅग, इन्फ्लेटर बदलणे बाकी. त्या सीटवर आई बसते.

आता हे प्रकरण काय, ते थोडक्यात. एअरबॅगमध्ये आधीपासून हवा भरलेली नसते. टक्कर होताच इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डब्यातलं रसायन पेटतं आणि त्याच्या वायूने पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायच्या आत! रिकॉलचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जपानची ताकाता कंपनी. तिने या कामासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. ते ओलावा शोषतं. वर्षानुवर्षं दमट हवा, दिवसा तापणं, रात्री निवणं चालू राहिलं की त्याच्या गोळ्या भुसभुशीत होतात. गोळीचा भुगा झाला की पृष्ठफळ वाढतं, ज्वलन भडकतं, दाब डब्याला झेपत नाही आणि डबाच फुटतो. मग धातूचे तुकडे पिशवी फाडून थेट माणसाच्या अंगात. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, त्यात भारतातल्या गाड्याही होत्या. २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट भागांना बदलीसाठी आधी नंबर दिला गेला. आमचं घर रत्नागिरीला. पुढचं सांगायला नको!

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पार्ट यायला अडीच आठवडे. खरा प्रश्न इथेच सुरू झाला. तोपर्यंत करायचं काय?

बाबा म्हणाले, "आपला मेस्त्री वायर काढून देतो." ऐकायला सोपं. पण एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर बहुतेक गाड्यांत एकाच सिस्टिमवर असतात. फ्यूज काढला तर दोन्ही जातात. शिवाय हिशेब बघा : डबा फुटायला आधी मोठी टक्कर व्हायला हवी आणि त्यात नेमका तोच डबा खराब निघायला हवा. दोन शक्यतांचा गुणाकार लहान येतो. उलट एअरबॅग बंद केली तर प्रत्येक मोठ्या टकरीत तिचा फायदा नक्की गेला. आणि चालू सर्किटशी खेळताना ती हातातच उडाली तर?

म्हणून 'काही होत नाही' म्हणायचं का? नाही. गाडी जुनी होते तशी दुसरी शक्यता वाढत जाते. अमेरिकेत २००१ ते २००३ सालच्या काही गाड्यांचे इन्फ्लेटर चाचणीत ५० टक्क्यांपर्यंत फुटले. त्या गाड्या चालवूच नका, असं २०१६ साली तिथल्या सरकारी यंत्रणेने बजावलं. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा : आपली गाडी 'चालवू नका' यादीत आहे, की 'लवकर बदलून घ्या' यादीत? आमची दुसऱ्या यादीत निघाली.

मग ठरलं ते असं. वायरला हात लावायचा नाही. डावी सीट रिकामी, आई मागे, बेल्ट लावून. दिवाळीला कोल्हापूरला जायचं ते एस्टीने. आई कुरकुरली, "मागे बसून मला मळमळतं." बाबा दोन दिवस बोलले नाहीत. पण ऐकलं.

पार्ट आला, काम तासाभरात झालं. बिल शून्य! गाडी सेकंडहँड असली तरी रिकॉलचं काम फुकट होतं, हे बाबांना तेव्हा पटलं.

स्टाफ पार्किंगमध्ये पंधरा-पंधरा वर्षांच्या गाड्या उभ्या दिसतात. सर, मॅडम, एकदा चेसिस नंबर टाकून बघाच. आणि होस्टेलवाल्यांनो, आज रात्री घरी फोन कराल तेव्हा पैसे मागण्याआधी आरसी बुकाचा फोटो मागा. दोन मिनिटांचं काम आहे. आई आता पुन्हा पुढे बसते.