लूथरपंथीय प्राथमिक शिक्षणाचे प्रयोजन

लूथरपंथीय प्राथमिक शाळांविषयी दोन विधाने वारंवार केली जातात. पंथाची मते बालमनावर बिंबवणे एवढेच या शाळांचे कार्य होते, हे पहिले विधान. मातृभाषेतून शिक्षण देण्याचे तत्त्व प्रथम या शाळांनी प्रस्थापित केले, हे दुसरे. दोहोंतही सत्याचा अंश आहे. परंतु दोहोंतही साध्य आणि साधन यांची गल्लत झालेली आहे. या शाळांच्या भाषाविषयक धोरणाचा इतिहास पाहिला असता ही गल्लत दूर होण्यास मदत होते.

1524 साली मार्टिन लूथर याने जर्मन नगरांच्या सभासदांना उद्देशून शाळा स्थापन करण्याविषयी एक पत्रक प्रसिद्ध केले. मठांना लागलेल्या ओहोटीबरोबर जुन्या शाळाही ओस पडू लागल्या होत्या. मुलगा धर्मगुरू होणार नसेल तर त्याने शिकावे कशाला, असा पालकांचा प्रश्न होता. लूथरचे उत्तर दुहेरी होते. धर्मग्रंथाचे ज्ञान टिकवण्यासाठी भाषांचे अध्ययन अवश्य आहे, हा त्यातील एक भाग. दुसरा भाग असा की, आत्मा, स्वर्ग वा नरक यांचे अस्तित्व क्षणभर बाजूस ठेवले, तरी राज्यकारभारासाठी व गृहव्यवस्थेसाठी सुशिक्षित स्त्रीपुरुषांची गरज राहतेच. मुलांनी दररोज एक-दोन तास व मुलींनी एक तास शाळेत जावे आणि उरलेल्या वेळात घरकाम किंवा धंदा शिकावा, अशी त्याची माफक सूचना होती. 1530 मधील प्रवचनात तर मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करणे हे शासनसंस्थेचे कर्तव्य ठरवून त्याने तिची तुलना लष्करी सेवेच्या सक्तीशी केली. म्हणजे प्रारंभापासूनच या शिक्षणाची उद्दिष्टे दोन होती : श्रद्धेचा आधार स्वतः समजून घेणारा माणूस घडवणे आणि आपले लौकिक काम ईश्वरी सेवा मानून करणारा नागरिक घडवणे.

यांपैकी पहिल्या उद्दिष्टाचे प्रमुख साधन म्हणजे 1529 सालची 'लघु प्रश्नोत्तरी' होय. सॅक्सनीतील धर्ममंडळ्यांची पाहणी केली असता सामान्य जनांचे, किंबहुना कित्येक पाळकांचेही अज्ञान लूथरच्या प्रत्ययास आले होते. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना इत्यादींचे एकेक वाक्य घेऊन त्यापुढे 'याचा अर्थ काय?' असा प्रश्न करावयाचा, ही या पुस्तिकेची रचना आहे. पाठ एकाच निश्चित स्वरूपात शिकवावा, तो मुखोद्गत झाल्यावर अर्थ सांगावा, असा क्रम प्रस्तावनेत घालून दिला आहे. हेतू अर्थबोधाचा होता, यात शंका नाही. परंतु अर्थही ठरावीक शब्दांतच दिलेला असल्यामुळे प्रश्नाप्रमाणे उत्तरही पाठ करण्याचा मार्ग खुला राहिला. समजून घेणे आणि घोकणे यांमधील हा ताण पुढे या शाळांना सतत जाणवत राहिला.

आता भाषेचा प्रश्न. लूथरने नवा करार 1522 मध्ये आणि संपूर्ण बायबल 1534 मध्ये जर्मन भाषेत उपलब्ध करून दिले, हे खरे. तथापि त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थोन याने 1528 साली सॅक्सनीतील शाळांसाठी जी योजना आखली, तीत मुलांचे तीन वर्ग पाडून केवळ लॅटिनच शिकवावी, जर्मन शिकवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. लोकभाषेतील शाळेचा विस्तार हा पुढील काळातला : व्युर्टेंबर्गच्या 1559 च्या धर्मव्यवस्थेत गावोगावच्या जर्मन शाळांची तरतूद दिसते, वायमार येथील 1619 च्या नियमांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींना शाळा आवश्यक केली. स्वीडनमध्ये 1686 च्या चर्चविषयक कायद्याने वाचनाची जबाबदारी मुख्यत्वे कुटुंबावर टाकली आणि पाळक घरोघरच्या परीक्षेत ते तपासू लागले. तेथे वाचन सार्वत्रिक झाले, लेखन मात्र बरेच मागे राहिले. ग्रंथ वाचता यावा, हे प्रयोजन असल्यामुळे लिहिता येण्याची निकड भासली नाही; उद्दिष्ट जेवढे, तेवढीच साक्षरता, असे या घटनेचे तात्पर्य सांगता येईल.

साध्य एक व भाषा अनेक, हे तत्त्व युरोपाबाहेर अधिक स्पष्ट होते. तंजावरच्या भोसले राज्यालगतच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत 1706 साली आलेला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा तमिळ मुलांसमवेत बसून वाळूत अक्षरे गिरवीत ती भाषा शिकला. पुढे त्याने तमिळमधून शिकवणाऱ्या शाळा काढल्या आणि 1715 पर्यंत त्या भाषेतील नवा करार छापून घेतला. येथे जर्मनचा आग्रह धरण्याचे कारणच नव्हते.

याउलट अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन लूथरपंथीयांच्या शाळांत भाषा हीच श्रद्धेची वाहक मानली गेली. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, नेब्रास्का राज्याने आठवी उत्तीर्ण न झालेल्या मुलांना इंग्रजीखेरीज अन्य अर्वाचीन भाषा शिकवण्यास बंदी केली. दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधील कथांच्या जर्मन पुस्तकावरून वाचन शिकवल्याबद्दल 1920 साली रॉबर्ट मेयर या लूथरपंथीय शाळेच्या शिक्षकावर खटला झाला. घरच्या उपासनेत मुलांना आईवडिलांबरोबर सहभागी होता यावे, हे या अध्यापनाचे समर्थन होते. 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाचा शिकवण्याचा आणि पालकांचा शिक्षण निवडण्याचा हक्क मान्य करून शिक्षा रद्द ठरवली.

या निकालाने जर्मनला संरक्षण मिळाले; तरीही पुढील दशकांत या शाळा क्रमाने इंग्रजीकडे वळल्या आणि टिकल्या. ही त्यांची हार म्हणावी काय? घराण्याची भाषा गमावणे ही हानी खरीच, आणि आजोबांची प्रार्थना नातवाला न कळणे ही तर फारच मोठी हानी. परंतु मूळ प्रयोजनाच्या दृष्टीने शाळेची कसोटी निराळी आहे. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न ज्या भाषेत मुलाला खरोखर कळतो, ती शाळेची भाषा; आणि त्याला तो स्वतःच्या शब्दांत उत्तर देऊ शकला, तरच शाळेचे प्रयोजन सिद्ध झाले, असे म्हणावे लागेल.