सायलेन्सर : घरचा की दुकानचा?

आपली माळव्यातील मराठी होळकर-शिंद्यांच्या मोहिमांमागून आली. पांढुर्णा आणि सौंसरची मराठी मात्र तिथल्या काळ्या मातीतलीच. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि सरहद्द या मराठी घरांच्या अलीकडून ओढली गेली. 2023 साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. तरी संत्र्याच्या आणि कापसाच्या या मुलखाची बाजाराची वाट जुनीच आहे : ती नागपूरला जाते.

आंबिया बहाराचा पैसा हाती आला, की घरातल्या तरुणाचे लक्ष मोटारीकडे वळते. गाडीला जोर हवा आणि आवाजही भारदस्त हवा. मग प्रश्न उभा राहतो, की मोठ्या बाजारातून तयार ‘स्पोर्ट’ सायलेन्सर आणावा, की गावच्या मिस्त्रीकडून नळ्या जोडून करून घ्यावा? वडीलधारी मंडळी दोन्हींवर नाक मुरडतात. परंतु या प्रश्नात आपल्या हातकामाचा आणि हिशेबाचा कस लागतो, म्हणून त्याचा विचार सांस्कृतिक पानावर करण्यास हरकत नसावी.

सायलेन्सर म्हणजे धूर सोडण्याचे धुराडे, एवढीच आपली समजूत असते. खरे पाहता इंजिनाची झडप उघडली, की तापलेल्या वायूचा एक धक्का नळीतून निघतो आणि त्याच्याबरोबर दाबाची एक लाट धावते. मोकळ्या तोंडाशी पोहोचताच ती उलटते आणि पोकळीची लाट होऊन मागे फिरते. झडप मिटण्यापूर्वी ती परत पोहोचली, तर उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या हवेला आत वाट करून देते. हाच तो ‘जोर’. वेळ चुकली, तर तीच लाट अडथळा होते.

हिशेब करून पाहावा. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर जाते. एक मीटर नळीत तिला जाऊन येण्यास सेकंदाचे चार सहस्रांश लागतात. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दांडा तेवढ्यात 72 अंश फिरतो. 6000 फेऱ्यांना तोच 144 अंश फिरतो. म्हणजे एका वेगाला लाभलेली नळी दुसऱ्या वेगाला लाभेलच असे नाही. जाडीचेही तसेच. अरुंद नळीत वायू कोंडतो, फार रुंद नळीत त्याची गती मंदावते. तेव्हा दुकानात आपण पैसे मोजतो ते लोखंडाचे नव्हेत, मापाचे. ज्या तयार नगाला आपल्या इंजिनाचे मापच नाही, तो कितीही चकाकला तरी घरच्या जोडकामाहून तसूभरही वरचा नव्हे.

मापाचे मोल किती, याचा दाखला जर्मनीत आहे. पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावी वॉल्टर काडेन हा अभियंता एम.झेड. मोटरसायकली सिद्ध करीत असे. पैसा तुटपुंजा, सामग्री त्याहून तुटपुंजी. त्याने लाटांचा अभ्यास करून पत्र्याचे फुगीर धुराडे घडविले आणि 1961 सालापर्यंत 125 सी.सी.च्या दुटप्पी इंजिनातून सुमारे 25 अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधून निसटला आणि हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला. 1962 चे 50 सी.सी.चे जगज्जेतेपद सुझुकीने त्याच्याच हातून मिळविले. पत्रा जर्मनीतच राहिला, प्रवास केला तो मापाने.

हे माप जाणणाऱ्यानेच घरचे काम हाती घ्यावे. ट्रॉल्या आणि नांगर जोडणारे कुशल वेल्डर बाजारगावांत असतातच. वाळू भरून, तापवून नळी न चेपता वाकविण्याची युक्तीही जुनी आहे. परंतु काही गोष्टींना क्षमा नाही. पाण्याची जस्ती नळी वापरली, तर जोडताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने मिस्त्रीला ताप भरतो. एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघते. ते साध्या लोखंडाला आतून खाते. आणि सांधा फुटून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला, तर त्याला वासही नसतो. तिथे पोराबाळांच्या जिवाशीच गाठ असते.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. 1989 च्या मोटार वाहन नियमांतील 120 वा नियम प्रत्येक मोटारीला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. आवाजाची मर्यादा ओलांडली, तर कलम 190 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; परवानाही तीन महिने जातो. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकणे तर सर्वथा वर्ज्य.

म्हणून सरळ उत्तर असे : मधली गंजलेली नळी बदलणे, फुटलेला सांधा जोडणे, हे काम गावच्या चांगल्या मिस्त्रीने करावे; ते स्वस्त पडते आणि उत्तम होते. कन्व्हर्टर आणि सायलेन्सरचा डबा मात्र त्याच गाडीसाठी बनविलेला, मान्यता असलेला घ्यावा. आणि जोर वाढला की केवळ आवाज, याची परीक्षा कानाने करू नये. सिल्लेवानीच्या घाटात तेवढ्याच ओझ्यानिशी जो चढ पूर्वी तिसऱ्या गिअरात निघत नव्हता, तो आता निघतो का, हे पाहावे.

पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधणाऱ्या मुलखाला आवाजाची हौस असावी, यात नवल नाही. पण त्याच मुलखातला जाणता गाडीवान आसाला वंगण घातल्याशिवाय गाडी जुंपत नसे. कुरकुरणारे चाक ही बैलाच्या ताकदीची नव्हे, धन्याच्या आळसाची खूण मानली जाई.