राक्षसभुवनची लढाई आणि शेजारच्या फौजा : गैरसमज व वस्तुस्थिती

राक्षसभुवन हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले, गोदावरीच्या दक्षिण काठावरचे शनीचे क्षेत्र. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे पेशव्यांनी हैदराबादच्या निजाम अलीच्या फौजेचा मोठा पराभव केला. लढाई प्रसिद्ध आहे, पण तिच्यात शेजारच्या सत्तांनी आणि सरदारांनी नेमके काय केले याविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती रुळल्या आहेत.

पहिली समजूत अशी की, एका बाजूला सगळे मराठे होते आणि दुसऱ्या बाजूला निजामाची परकी फौज. प्रत्यक्षात निजामाच्या मोहिमेचा मनसुबा आखणारा त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर हा मराठी ब्राह्मण होता. नागपूरकर जानोजी भोसले आपली फौज घेऊन निजामाला मिळाले होते आणि मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही त्याच गोटात होते. १७६३ च्या उन्हाळ्यात पुणे लुटून जाळले गेले, तेव्हा निजामाबरोबर भोसल्यांची फौजही होती. या संघर्षाला धर्मयुद्ध किंवा भाषेचा झगडा ठरवले, तर ही नावे कुठेच बसवता येत नाहीत.

मग या सरदारांना निव्वळ फितूर म्हणावे का? ही दुसरी सोपी समजूत. नोव्हेंबर १७६२ मध्ये राघोबादादांनी आपले पुतणे पेशवे माधवराव यांचा आळेगावला पराभव केला, तोही निजामाची मदत घेऊन. त्यानंतर कारभार हाती आल्यावर त्यांनी पटवर्धनांकडून मिरज काढून घेतले. ज्या घराण्याने पिढीजात चाकरी केली त्याचे ठाणे हिरावले गेले, आणि गोपाळराव दुखावून निजामाकडे वळले. जानोजींची गोष्ट निराळी. त्यांना सातारच्या राज्यकारभारात वरचे स्थान मिळेल अशी आशा दाखवण्यात आली होती. एकाच्या मनात राग होता, दुसऱ्याच्या मनात महत्त्वाकांक्षा. दोघांना एकाच शब्दात मोजणे अन्यायाचे आहे.

तिसरा गैरसमज फार पसरलेला आहे : ऐन लढाईत जानोजी उलटले आणि निजामावर तुटून पडले. तसे घडले नाही. पेशव्यांनी त्यांना ३२ लाखांच्या उत्पन्नाच्या मुलखाचे आश्वासन देऊन आधीच गुपचूप फोडले होते. सैन्याचा पगार मिळाला नाही असे निमित्त करून जानोजी निजामाच्या मुख्य छावणीपासून दूर झाले. ते पेशव्यांच्या बाजूने लढले नाहीत; त्यांचे बाजूला होणेच पुरेसे ठरले.

त्याला जोड मिळाली ती नदीची. पावसाळा काढण्यासाठी औरंगाबादेकडे निघालेला निजाम मोठ्या फौजेसह गोदावरी ओलांडून उत्तर तीरावर गेला होता. दक्षिण तीरावर विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन थांबला होता. पाणी चढलेले असल्याने निजामाला त्याच्या मदतीला येता आले नाही. पेशव्यांनी नेमका हाच मोका साधला. लढाईत एकदा राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या माधवरावांनी धाव घेऊन डाव सावरला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि त्याची फौज उधळली. माधवरावांचे शौर्य खरेच. पण मल्हारराव होळकर आणि दमाजी गायकवाड यांच्या फौजा सोबत नसत्या, तर केवळ हुजुरातीच्या, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेच्या, बळावर हा विजय मिळाला असता असे म्हणणे कठीण आहे.

मित्रफौजांवर उभे राहिलेले लष्कर ही दख्खनचीच खोड होती, असेही काही जण मानतात. प्राचीन रोमच्या मोहिमांकडे पाहिले की ही समजूतही गळून पडते. प्रजासत्ताकाच्या काळात रोमच्या सैन्यात निम्मे किंवा त्याहून अधिक लोक इटलीतल्या मित्र जमातींचे असत. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनेच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमचा दारुण पराभव केला, तेव्हा कापुआसारखे मोठे शहर त्याला जाऊन मिळाले. मात्र लॅटिन वसाहती रोमशी टिकून राहिल्या, आणि म्हणूनच रोमला नवी सैन्ये उभारता आली. पुढे नागरिकत्वाचे हक्क नाकारले गेल्यामुळे इ.स.पू. ९१ मध्ये याच मित्र जमातींपैकी अनेकांनी रोमविरुद्ध शस्त्र उपसले. युद्ध मिटवण्यासाठी रोमला अखेर नागरिकत्व द्यावेच लागले.

शेवटचा गैरसमज राक्षसभुवननंतरच्या काळाचा. या लढाईने बाजू कायमच्या ठरल्या, असे समजले जाते; पण तसे झाले नाही. मिरज पुढे पटवर्धनांकडे परत आले आणि गोपाळराव माधवरावांचे भरवशाचे सेनानी झाले. जानोजींच्या वाट्याला मात्र वेगळे आले. १७६६ च्या सुरुवातीला माधवरावांनी त्यांच्यावर चाल केली आणि या स्वारीत पेशव्यांचा जोडीदार होता तोच निजाम अली. ३२ लाखांच्या त्या मुलखापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलूख जानोजींना सोडावा लागला. उरलेल्याचा निकाल १७६९ च्या कनकापूरच्या तहात लागला.