नरक्या कीं अमृता?

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर व महाड या गांवांवरून समुद्राकडे जाते. तिच्या खोऱ्यांतील घरांना रानांतल्या औषधींची ओळख नवी नव्हे. अडुळसा, गुळवेल, हिरडा, वावडिंग यांवांचून आजीबाईंचा बटवा पुरा होतच नसे. परंतु पोलादपुराहून आंबेनळी घाटानें चढून गेल्यावर महाबळेश्वरच्या सदाहरित रानांत एक लहानसें झाड आढळतें, त्याची आठवण अशा बटव्याच्या संबंधांत सहसा कोणी काढीत नाहीं. त्याच्या फुलांना दुर्गंधि येते. म्हणून लोकांनीं त्याचें नांव ठेविलें नरक्या. आश्चर्य असें कीं, याच झाडाला ‘अमृता’ असेंही म्हणतात. या दोहोंपैकीं कोणतें नांव खरें, हें घरोघरीं माहीत असणें अगत्याचें आहे.

या कथेचा आरंभ परदेशीं झाला. नंदुरबारास जन्मलेले व मुंबई विद्यापीठांत शिकलेले मनसुख वाणी हे अमेरिकेंत मन्रो वॉल यांच्यासह संशोधन करीत होते. १९६६ सालीं या दोघांनीं एका चिनी वृक्षापासून ‘कॅम्प्टोथेसीन’ नांवाचें द्रव्य मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन् या शास्त्रज्ञांना तेंच द्रव्य आपल्या नरक्यांत आढळलें. सात समुद्रांपलीकडे ज्याचा शोध लागला, तें सह्याद्रीच्या माथ्यावर उभेंच होतें!

या द्रव्याचें कार्य मोठें विलक्षण आहे. आपल्या प्रत्येक पेशींत आनुवंशिक द्रव्याचा पीळदार दुहेरी धागा असतो. पेशी दुभंगण्यापूर्वीं त्या धाग्याची नक्कल व्हावी लागते. त्या वेळीं साचणारा पीळ सैल करण्यासाठीं एक विकर धाग्याचा एक पदर कापतें व पुन्हां जोडतें. कॅम्प्टोथेसीन नेमकें मध्यें येऊन ही जोडणी अडवितें. मग धागा तुटतो व पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्यामुळें त्यांना हा घाव विशेष लागतो.

पण हें शस्त्र आंधळें आहे. रक्त निर्माण करणाऱ्या व आंतड्याच्या अस्तराच्या निरोगी पेशींनाही तें सोडीत नाहीं. प्रारंभीं मूळ द्रव्याचे प्रयोग रुग्णांवर झाले, तेव्हां त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र दिसले कीं, ते थांबवावे लागले. पुढें त्याच्या रेणूंत फेरफार करून टोपोटेकान व इरिनोटेकान हीं औषधें तयार झालीं. १९९६ सालीं अमेरिकेंत त्यांना मान्यता मिळाली. पहिलें बीजकोशाच्या व दुसरें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर. तीं तज्ज्ञ वैद्यांच्या देखरेखीखालींच द्यावयाचीं असतात.

येथें गृहिणींना एक सूचना करणें अवश्य वाटतें. गुळवेलीचें संस्कृत नांवही अमृताच होय. नामसाम्यानें फसून नरक्याची साल किंवा पानें कोणीही काढ्यांत घालूं नयेत. रानांतलें तें सर्व निरुपद्रवी, ही समजूत घातक आहे.

आतां झाडाच्या दैवाविषयीं. वाळलेल्या लांकडाच्या हजार भागांत हें द्रव्य एकदोन भाग, कित्येकदां त्याहूनही कमी असतें. आणि पानांपेक्षां खोडांत व मुळांत तें अधिक. त्यामुळें औषधाला मागणी आली तशीं झाडें समूळ उपटलीं जाऊं लागलीं. सिंधुदुर्ग व कोल्हापूर जिल्ह्यांत नरक्याची चोरटी वाहतूक वनखात्यानें वेळोवेळीं पकडली आहे. ज्या मुळानें रोग्याला आयुष्य द्यावयाचें, त्याच मुळावर घाव पडत आहे.

मग हें द्रव्य प्रयोगशाळेंत कां पिकवूं नये? हा यत्नही झाला आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील संशोधकांनीं नरक्याच्या पेशी कांचपात्रांत, साखर, क्षार व वाढीचीं द्रव्यें यांवर वाढविल्या. त्यांत कॅम्प्टोथेसीन मिळालें. परंतु झाडाच्या मानानें फारच अल्प. कारण पेशींचा गोळा म्हणजे झाड नव्हे. मूळ, खोड, साल अशी रचना झाल्यावांचून असलीं द्रव्यें बहुधा पुरेशीं बनत नाहींत. २००५ सालीं नरक्याच्या अंतर्भागांत राहणारी एक बुरशीही हें द्रव्य बनविते असें दिसून आलें. पण अशा बुरशा पुनःपुन्हां वाढवीत गेल्यास त्यांची ही शक्ति क्षीण होते, असा अनुभव आहे.

तात्पर्य, प्रयोगशाळेनें रानाची जागा घेतलेली नाहीं. बीं पेरून रोपें करणें व लागवडीच्या झाडांचा बेतानें उपयोग करणें, हाच आज शहाणपणाचा मार्ग होय. ज्यांच्या वडिलोपार्जित जमिनी घाटमाथ्यावर आहेत, त्यांनीं ठेकेदाराला रान विकण्यापूर्वीं त्यांत नरक्या आहे कीं काय, हें अवश्य पाहावें. नांव नरक्या असो वा अमृता. तोडणाऱ्याच्या हातीं तो चार दिवसांचा पैसा आहे, आणि राखणाऱ्याच्या हातीं पुढच्या पिढीची ठेव.