'हजर'चा ह कुठे अडकतो?

चंदगडचा पाऊस ऐकलाय कधी? कौलांवर असा कोसळतो, की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. समजा, अशा पावसात देवळात भजन रंगलंय. टाळ वाजतायत आणि एक मुलगा खड्या आवाजात गातोय. एक शब्द अडत नाही! सकाळी शाळेत हजेरीला त्याचा नंबर येतो आणि "ह... ह... ह..." गळ्याच्या शिरा ताणतात, डोळे मिटतात, मागच्या बाकावर खसखस पिकते. मुलगा तोच, जीभही तीच. मग हे कसं?

कारण गडबड जिभेत नाहीच. बोलताना छाती, घसा, जीभ, ओठ मिळून सुमारे शंभर स्नायू एका तालात हलावे लागतात. कोणी कधी हलायचं, हे मेंदू ठरवतो. तोतरेपणात नेमका हा ताल चुकतो. शब्द मुलाला पक्का ठाऊक असतो, फक्त सुटत नाही. भजनात ठेका बाहेरून मिळतो, टाळांचा आणि सोबतच्या आवाजांचा. बहुधा म्हणूनच तिथे शब्द मोकळा होतो.

घरोघरी वेखंड उगाळून जिभेला लावतात, त्याने हे जात नाही. हा भित्रेपणाही नव्हे. 2010 मध्ये तोतरेपणाशी जोडलेली काही जनुकंसुद्धा सापडली! लहानपणी अडखळणारी बरीच मुलं पुढे आपोआप मोकळं बोलू लागतात. मोठ्यांमध्ये शंभरात साधारण एक जण अडखळतो. अभिनेता हृतिक रोशनही लहानपणी अडखळायचा.

मग सराव कसला करायचा? 'हजर' म्हणून पाहा. आधी थोडा श्वास सोडा आणि त्याच श्वासावर ह अलगद ठेवा, 'हऽऽजर'. ढकलू नका. आणखी एक नवल ऐका: वाचा-उपचारतज्ज्ञ कधी कधी मुद्दाम अडखळायला सांगतात! स्वतःहून अडखळलं की अडखळण्याची धास्ती कमी होते, आणि धास्ती गेली की गळ्यावरचा ताणही उतरतो. मदत हवी असेल, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यातही आधी विचारता येतं.

तुमच्या वर्गात असा कुणी असेल, तर "हळू बोल, घाबरू नकोस" म्हणू नका, त्याने तो आणखी अडकतो. त्याच्याकडे नेहमीसारखं बघत थांबा. त्याचं 'हजर' त्यालाच म्हणू द्या.